कोळसा रोळताना

दगडी कोळशाची परीक्षा एका ग्रॅमवर होते. मैद्यासारखी दळलेली ती चिमूटभर पूड पसरट बशीत घालून प्रयोगशाळेतल्या भट्टीत ठेवतात आणि तापमान 815 अंश सेल्सिअसवर नेतात. जळण्यासारखं असेल ते जळून जातं. बशीत उरते ती करडी, कधी विटकरी झाक असलेली राख. ती तोलायची. वीजकेंद्रांकडे जाणाऱ्या भारतीय कोळशात ती बऱ्याचदा 0.35 ते 0.45 ग्रॅम भरते.

हाच हिशोब मालगाडीला लावून पाहावा. एका गाडीत साधारण चार हजार टन कोळसा मावतो. राख चाळीस टक्के धरली, तर त्यातले सोळाशे टन म्हणजे नुसती माती. ती शेकडो किलोमीटर फिरते, आणि भाडं मात्र कोळशाचं.

ही माती खाणीजवळच वेगळी करणारा कारखाना म्हणजे वॉशरी. नाव धुण्याचं असलं तरी काम निवडण्याचं आहे. घरी तांदूळ रोळतात तसंच हे: हलकं ते वर, जड ते तळाशी. चांगल्या कोळशाची घनता पाण्याच्या साधारण 1.3 पट, शेलसारख्या दगडाची दुपटीहून जास्त. अडचण अशी की साध्या पाण्यात दोन्ही बुडतात. म्हणून पाणीच जड करतात. मॅग्नेटाइट या लोहखनिजाची बारीक पूड त्यात ढवळली की त्या काळ्या गढूळ द्रवाची घनता 1.4, 1.5, 1.6 अशी हवी तिथे बसवता येते. चकचकीत तुकडा त्यात टाकला तर तरंगत राहतो. शेजारचा, तेवढाच पण मातकट दिसणारा, सरळ तळ गाठतो.

मग दोन्ही माल चाळण्यांवर येतो आणि वरून पाण्याचे फवारे सुरू होतात. धुणं म्हणावं असं काही घडतं ते इथे, आणि तेही कोळशासाठी नव्हे, त्याला चिकटलेलं मॅग्नेटाइट परत मिळवण्यासाठी! ते पाणी चुंबकीय ड्रमवरून जातं, ड्रम पूड ओढून घेतो आणि ती पुन्हा कामाला लागते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक चुऱ्याला ही युक्ती पुरत नाही. त्यात थोडं तेल घालून हवेचे बुडबुडे सोडतात. कोळशाचे कण बुडबुड्यांना धरून फेसाबरोबर वर येतात, माती पाण्यातच राहते.

एवढं सोपं असतं तर भारतीय कोळसा केव्हाच स्वच्छ झाला असता. तांदळातला खडा दाण्याबाहेर असतो. आपल्याकडे तो दाण्यातच आहे. गोंडवन काळातल्या वनस्पती पुराबरोबर वाहत आल्या आणि गाळासकट साचल्या, असं भूशास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे माती कोळशाच्या कणाकणात मिसळलेली. तुकडे धड तरंगत नाहीत, धड बुडत नाहीत. घनता कमी ठेवली तर चांगला कोळसाही दगडाबरोबर जातो, वाढवली तर राख कोळशाबरोबर येते.

पोलादवाल्यांना मात्र पर्याय नव्हता. झोतभट्टीच्या कोकसाठी कमी राखेचाच कोळसा लागतो. 1951 साली टाटांच्या वेस्ट बोकारो खाणीवर वॉशरी उभी राहिली, पुढच्या वर्षी जामाडोबाला, मग कारगली, दुग्धा, भोजुडीह. कोकिंग कोळशात 18 टक्क्यांपर्यंत राख असेल तर ‘स्टील ग्रेड’. त्यापुढच्या प्रतीचं सरकारी नावच ‘वॉशरी ग्रेड’. तरीही पोलाद कारखान्यांचा मोठा भार आजही आयात कोळशावर, मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या, आहे.

विजेच्या बाबतीत सरकारचं मत बदलत गेलं. 1997 च्या अधिसूचनेने खाणीपासून 1000 किलोमीटरपलीकडच्या वीजकेंद्रांना 34 टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा वापरायला बंदी घातली. ती काही वर्षांनी अमलात आली. 2014 मध्ये अंतर टप्प्याटप्प्याने 500 किलोमीटरवर आणायचं ठरलं. मे 2020 मध्ये अटच काढून टाकली. युक्तिवाद असा, की धुतल्याने प्रदूषण संपत नाही, ते वॉशरीपाशी सरकतं. तो अगदीच खोटा नाही. वॉशरीच्या टाकाऊ मालात जळण्याजोगा अंशही उरतो, म्हणून तो खास बॉयलरमध्ये जाळतात. आणि वॉशऱ्यांमधून दामोदर नदीत उतरलेला चुरा गोळा करून विकणारी माणसं झारखंडात आहेत.

पण धुऊन वेगळा केलेला दगड पुष्कळसा ढेकळाच्या रूपात असतो, आणि खाणीचा रिकामा खड्डा जवळच असतो. तोच बॉयलरमधून गेला की पीठ होतो, वाऱ्यावर उडतो आणि त्याच्यासाठी तलाव बांधावे लागतात. विदर्भातल्या कोराडीला आणि चंद्रपूरला असे तलाव आहेत. उन्हाळ्यात त्यांचा काठ सुकला की आसपासच्या गावांत ओट्यांवर करडा थर बसतो.