शिंगटीचा गळ : काठीपासून काट्यापर्यंत

शिंगटीला खवले नसतात आणि नजरही बेताचीच. तिचा सगळा कारभार मिशांवर चालतो. तळ चाचपत, वास आणि चव घेत ती अन्न शोधते. चव कळण्याची सोय तिच्या मिशांतच नव्हे, कातडीतही असते. म्हणून गढूळ पाणी आणि अंधारी रात्र आपल्याला अडचणीची वाटली तरी तिला ती सोयीचीच. गळ बांधताना एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचं ओघानं येतं. चारा तळाला बसला पाहिजे, त्याला वास पाहिजे, आणि माशानं तो तोंडात धरला की मागचं वजन त्याला जाणवता कामा नये.

जव्हार-मोखाड्यात आणखी एक अट पडते, ती कातळाची. वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून पळतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी डोहांपुरत्या उरतात. डोहाचा तळ म्हणजे काळ्या दगडाच्या फटी नि कपारी. शिंगटी तिथेच दडते आणि आपला गळही तिथेच अडकतो. पुस्तकातली मांडणी इथे तशीच्या तशी चालत नाही.

मिशांवाले मासे सगळे एका मापाचे नसतात. शिंगटी वीतभराची, शिंगाळा चांगला हातभर वाढणारा, आणि शिवडा तर रुंद जबड्याचा, दातांचा, दुसरे मासे गिळणारा. नावं गावागणिक बदलतात, तेव्हा नावावर वाद न घालता तोंडाचं माप बघावं. गळाच्या नंबरांचा हिशेब उलटा असतो: आठ नंबरचा गळ लहान, दोन नंबरचा मोठा. पुढे शून्याचे नंबर लागले की उलटं, चार शून्य हा दोन शून्यापेक्षा मोठा. शिंगटीला सहा किंवा आठ नंबर पुरतो, शिवड्याला दोन शून्यापासून पुढे.

काठीसाठी मी मानवेलच घेतो. हा बांबू जवळपास भरीव असतो, शेंड्याला लवतो पण तुटत नाही. सावलीत वाळवलेली दहा-बारा फुटांची सरळ काठी डोहाच्या कडेवरून टाकायला पुरेशी आहे. रीळवाली काठी चमकते छान. पण कातळावरून घसरून पडल्यावर तिचं काय होतं ते मी एकदा पाहिलंय, त्यावर अधिक बोलत नाही. तंगूस मात्र चांगला घ्यावा. शिंगटीला ०.३५ मिलिमीटर जाडीचा चालतो, शिवड्याला अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, आणि गळाजवळचा वीतभर भाग तारेचा केला तर दातांची भीती नाही.

आता बांधणी. तळ वाळूचा असेल तर सरकतं शिसं उत्तम. आरपार भोक असलेलं शिसं तंगुसात ओवायचं, त्यामागे एक प्लास्टिकचा मणी, मग स्विव्हल. मणी नसेल तर शिसं गाठीवर आपटून आपटून तिला कच्ची करतं. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला दीड-दोन विती तंगूस आणि टोकाला गळ. मासा चारा घेऊन निघाला की तंगूस शिशातून सरकतो, शिसं जागच्या जागी राहतं, माशाला काही पत्ता लागत नाही.

कातळावर हीच बांधणी तुम्हाला रडवेल. तिथे वजन वेगळ्या, मुद्दाम कच्च्या दोऱ्यानं लोंबतं ठेवावं. स्विव्हलच्या वरच्या कडीत साधा शिवणकामाचा दोरा वीतभर बांधायचा आणि त्याला वजन. वजन अडकलं तर ओढ दिल्यावर दोरा तुटतो. गळ, तंगूस आणि कधीकधी मासाही परत येतो. हरवायचंच आहे तर शिसं कशाला? मोटारसायकलचा जुना स्पार्क प्लग घ्यावा. गॅरेजवाला फुकट देतो, त्याच्या मानेला दोरा नीट बसतो, आणि पाण्यात शिसं टाकल्याचं पापही लागत नाही.

गाठीची घाई करू नये. गळाच्या नाकातून तंगूस घालून त्याचे स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक नाकाजवळच्या पहिल्या फासातून काढायचं, आणि आवळण्याआधी थुंकीनं ओलं करायचं. कोरडा तंगूस आवळताना घासून तापतो आणि तिथेच कमकुवत होतो. गाठ आवळल्यावर हातानं जोरात ओढून बघा. सुटायची असेल तर काठावर सुटू दे.

चारा म्हणून गांडुळाला तोड नाही. गळ झाकेल इतकं ओवून टोक वळवळतं ठेवावं. कोंबडीची आतडी वासानं ओढतात, मात्र लवकर सुटतात, त्यांना दोऱ्याचे दोन वेढे हवेत. शिवड्याला बोटभर मेलेला मासा. पिठाच्या गोळ्या या माशांसाठी मला फारशा कामाच्या वाटल्या नाहीत.

वेळ दिवेलागणीनंतरची. शेंड्याला घुंगरू बांधावं, अंधारात डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त. शिंगटी आधी टुचटुच करते, तेव्हा हात आखडता ठेवा. घुंगरू सलग वाजू लागलं की मनगटानं झटका. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घेऊन वर चढतात, तेव्हा मी गळ टाकत नाही. गावात यावर मतभेद आहेत. नदी निवळल्यावरचा, भातकापणीच्या सुमाराचा काळ मला त्याहून बरा वाटतो.

धरणावर मात्र विचारल्याशिवाय बसू नये. मोखाड्यातल्या कोचाळ्याचं मध्य वैतरणा धरण, उंची १०२ मीटर, २०१४ पासून मुंबईला पाणी देतं. तिथला काठ म्हणजे गावचा डोह नव्हे. इतर तलावांवरही अनेकदा मत्स्य सहकारी संस्थेचा ठेका असतो.

मासा वर आला की खरी परीक्षा. शिंगटीला पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे असतात. घाबरली की ती ते ताठ उभे करून कुलूपबंद करते. शेपटीकडून पकडायला जाऊ नका. पाठीचा काटा दोन बोटांच्या बेचक्यात घ्या, अंगठा आणि बोटं बाजूच्या काट्यांच्या मागे टेकवा, मग पकड घट्ट करा आणि गळ पक्कडीनं काढा. टोचलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात धरावा, कळ कमी होते. काट्याचं टोक आत मोडलं असेल तर मात्र घरी कोरत न बसता दवाखाना गाठावा.