संबळाला माइक कुठे लावायचा?

होळी उलटली की मोखाडा-जव्हारच्या पट्ट्यात बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवाच्या रात्री सुरू होतात. गणपती, शारदा, नरसिंह, रावण, महिषासुर अशी एकामागून एक सोंगं निघतात आणि जगदंबेनं महिषासुराला मारलं की उत्सव संपतो. फोटो काढणारे हल्ली पुष्कळ येतात. मुखवटे देखणे आहेत, त्यामुळे त्यात नवल नाही. पण फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक सोंगाची चाल वेगळी असते. ती चाल ठरवतात दोघंच, संबळवाला आणि पिपाणीवाला. गणपती ज्या ठेक्यावर नाचतो त्यावर राक्षस नाचत नाही. त्याच पट्ट्यातल्या खोडाळ्याच्या बाजूला मी जातो तो या ठेक्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी. त्यात निम्मं काम माइक कुठे ठेवायचा हे ठरवण्याचं असतं.

तालवाद्याला माइक लावण्याचे माझे पहिले धडे शहरात गिरवले गेले, तेही काहोनवर. काहोन म्हणजे पेरू देशातलं लाकडी खोकं. वादक त्यावरच बसतो आणि पायांमधल्या पातळ फळीवर हातानं वाजवतो. तिथल्या आफ्रिकी गुलामांच्या वस्त्यांतून ते आलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस गिटारवादक पाको द लुसिया यांनी ते स्पेनच्या फ्लामेंको संगीतात नेलं आणि आता पुण्या-मुंबईच्या छोट्या मैफलींतही ते दिसतं. त्याचा टणत्कार समोरच्या फळीतून येतो, तर घुमारा पाठीमागच्या भोकातून. म्हणून माइक दोन लावतात, एक पुढे आणि एक मागे. इथे एक गोम आहे. थाप पडली की फळी आत जाते, म्हणजे पुढच्या माइकपाशी हवा ओढली जाते. त्याच क्षणी मागच्या भोकातून हवा बाहेर ढकलली जाते. दोन्ही माइकांचे आवाज जसेच्या तसे मिसळले तर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. त्यामुळे मिश्रण करताना एका माइकची बाजू उलटी करावी लागते. त्यासाठी यंत्रावर बटण असतं.

हा धडा खोडाळ्यात ढोलाला तंतोतंत लागू पडतो. ढोलाला दोन तोंडं. एकावर टिपरू पडलं की दुसरं बाहेर फुगतं. दोन्ही बाजूंना माइक लावले की तीच उलटापालट करावी लागते. संबळाचं तसं नाही. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली जोडी, एक मोठा खर्जाचा आणि एक लहान टिपेचा. दोघांची तोंडं वर, बुडं बंद. दोन्ही कातडी एकाच दिशेला उघडतात, त्यामुळे बाजू उलटवण्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो जवळिकीचा. दोन तोंडांत वीतभरही अंतर नसतं. दोघांना वेगवेगळा माइक दिला तरी प्रत्येक माइक शेजाऱ्याचंही ऐकतो, आणि तेही किंचित उशिरा. ध्वनी ३४ सेंटिमीटर जायला साधारण एक मिलिसेकंद घेतो. एवढ्याशा फरकानंही आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. दोन माइक वापरायचे तर ते एकमेकांपासून जितके लांब त्याच्या एक तृतीयांशाहून जवळ वाद्यापाशी असावेत, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. संबळावर तो पाळायचा तर माइक काठीच्या वाटेत येतो.

म्हणून मी जवळ एकच माइक लावतो, दोन्ही तोंडांपासून समान अंतरावर, वादकाच्या समोरून, त्याच्या छातीच्या उंचीवर. माइक कोणता, यावर शहरात तासन्‌तास वाद होतात. इथे त्याची उत्तरं सोपी आहेत. लहान संबळावर काठीचा फटका फार तीक्ष्ण असतो. साधा डायनॅमिक माइक तो मुकाट्यानं सोसतो आणि त्याला वीजही लागत नाही. १९६५पासून जगभर ढोलांपुढे उभा असलेला शुअरचा एसएम ५७ त्याच जातीचा. कंडेन्सर माइक कातड्याची थरथर आणि काठीचं निसटणं जास्त बारकाईनं टिपतो, पण त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा हवा आणि जवळून तो बिचकतो. त्यामुळे डायनॅमिक हातभर अंतरावर आणि कंडेन्सर चार-पाच हात मागे.

पिपाणीवाला संबळवाल्याला खेटून उभा असतो आणि त्याचा आवाज सगळ्यांवर चढतो. त्याला बाजूला व्हायला सांगू नये. दोघं एकमेकांकडे बघून वाजवतात. लांब केलं की ठेका सैल होतो. त्याऐवजी माइक फिरवावा. ज्याचा ऐकण्याचा पट्टा हृदयाच्या आकाराचा असतो, असा माइक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. त्याची शेपटी पिपाणीकडे करायची. पिपाणी जात नाही, पण दबते.

जागेबद्दल थोडं. गावात पाहुणा रेकॉर्डिंगवाला आला की त्याला हमखास समाजमंदिर उघडून देतात. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, गुळगुळीत फरशी. एक काठी पडली की खोली ती परत परत म्हणत राहते. दिवसाच्या मुद्रणासाठी मी कुडाचं घर मागतो. कारवीच्या कुडावर मातीचा गिलावा, शेणानं सारवलेली जमीन, कौलांतून हवा खेळणारी, कोपऱ्यात कणगी आणि भाताची, नागलीची पोती. भिंती सपाट नसल्यानं आवाज विखुरतो, माती तो थोडा पिते आणि पोती खर्जाची गुरगुर अडवतात. शहरात याच गुणांसाठी फोम आणि लाकडी पट्ट्यांवर भरपूर पैसा ओततात. अशी घरं आता कमी होत चालली आहेत. मिळालं तर सोडू नये.

तरीही खरं शिकवलं ते हेडफोननं, आणि तेही मी नव्हे, संबळवाल्या बाबांनी कानाला लावल्यावर. आधी त्यांना फक्त जवळचा माइक ऐकवला. त्यांनी मान हलवली. “भाऊ, हे डबडं वाजतं. संबळ कुठं हाये?” मग लांबच्या माइकचा आवाज वाढवला. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “आता नाचणाऱ्याचा पाय पण पायजे.”

या एका मागणीनं माझी मांडणी बदलली. बोहाड्यातला संबळ मैफलीचा नाही. चाल तो ठरवतो, पण वाजतो सोंगाच्या पावलाकडे बघत. पाऊल थबकलं की काठी थांबते, गिरकी आली की दोन्ही काठ्या धावतात. पाय काढून टाकले तर ठेका उरतो, पण तो तसा का वळला हे कळत नाही. म्हणून आता दिवसाच्या मुद्रणातही एकाला मुखवट्याविना, घुंगरू बांधून तिथेच नाचायला विनंती करतो, आणि लांबचा माइक वादक व नाचणारा यांच्या मधोमध, कंबरेइतक्या उंचीवर, जमिनीकडे किंचित झुकवून ठेवतो. पुस्तकात संबळाला ही जागा सापडणार नाही. माझ्या मते हीच बरोबर आहे.

रात्रीचं गणित निराळं. तिथे कोणी थांबत नाही. काठीला बांधलेला जोडमाइकचा रेकॉर्डर, वाऱ्यासाठी केसाळ टोपी आणि वादकासमोर उलट्या पावलांनी चालायची तयारी. जनरेटरची ५० हर्ट्झची गुणगुण सगळीकडे झिरपते, म्हणून यंत्र बॅटरीवरच चालवायचं. पातळी उणे १२ डेसिबलच्या आत ठेवायची, कारण महिषासुर आला की वादकाचा हात दुप्पट जोरानं पडतो. कर्ण्यांपासून लांब राहायचं. कर्ण्यातून येणारा संबळ आणि खरा संबळ एकाच वेळी कानात शिरले की काहीच हाती लागत नाही.

तुम्ही बोहाड्याला जाल तेव्हा खिशात फोन असेलच. तेवढा पुरे आहे. मुखवट्याच्या तोंडासमोर गर्दी करण्यापेक्षा संबळवाला आणि नाचणाऱ्याचे पाय यांच्या मधल्या बाजूला पाच-सहा हातांवर उभे राहा, एक सोंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबवता घ्या, फोन हलवू नका आणि मध्येच बोलू नका. संपल्यावर गाव, तारीख, सोंगाचं नाव आणि, त्यांची हरकत नसेल तर, वाजवणाऱ्यांची नावं आपल्याच आवाजात सांगून ठेवा. आणि त्याची एक प्रत वाजवणाऱ्यांच्या घरी द्या. बहुतेकांनी आपलं वाजवणं कधी ऐकलेलंच नसतं.