सात किलोंचा हिशेब

अम्मीला घेऊन उमऱ्याला निघालो. मलकापूरहून मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे विमान. आधी घरात शिंप्याची टेप शोधली. हातातली बॅग साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि ७ किलोच्या आत हवी. आपल्या विमान कंपनीचा नेमका आकडा मात्र विचारून घ्यावा. मोजताना चाके आणि मूठही धरायची, दुकानदार नेमके तेच विसरतो! माझी चाकांची बॅग रिकामीच तीन किलोंची निघाली. मग जुनी कापडी बॅग काढली.

ऐनवेळी बॅग मोठी ठरली, तर ती खाली मालकप्प्यात जाते. तिच्यात अम्मीच्या गोळ्या होत्या आणि माझा एहराम. मीकातची सीमा विमान आकाशात असतानाच येते. एहराम त्याआधी नेसावा लागतो. अत्तराची कुपी १०० मिलिलीटरच्या आतली घेतली.

अम्मीने तीनदा विचारले, ‘‘बेटा, लोणचं कुठंय?’’

‘‘मोठ्या पेटीत.’’