रिमोटचे जेट : सजवा, पण तोलून

तान्ह्या पोळ्याला आपली मुले लाकडी नंदी सजवतात. झूल, घुंगरू, माळा, हवे तेवढे चढवले तरी नंदी चाकांवर उभाच राहतो. रिमोटच्या जेट विमानाचे तसे नाही. त्यावर लावलेली प्रत्येक वस्तू त्याला हवेत उचलून न्यावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या वायुसेनानगरात सूर्यकिरण पथकाची कसरत ज्यांनी पाहिली, त्यांच्या घरी असे विमान हवे असा हट्ट झाला असेलच. अशा पालकांसाठी आणि मुलांसाठी ही माहिती देत आहोत.

हे उडते कसे?

छंदासाठी मिळणारी बहुतेक छोटी जेट विमाने फोमची असतात. पोटातल्या नळीत ६४ किंवा ७० मिलिमीटर व्यासाचा पंखा असतो. बॅटरीवरची मोटर तो फिरवते, हवा पुढून आत येते, वेगाने मागे फेकली जाते आणि विमान पुढे जाते. रॉकेलसारख्या इंधनावर चालणारे खरे छोटे जेट इंजिनही मिळते, पण त्याचा खर्च लाखांत जातो.

पंख्याला पूर्ण वेग घ्यायला क्षणभर लागतो, आणि हे विमान फार हळू उडवले तर कोसळते. म्हणून पहिले विमान जेट नको. आधी पुढे पंखा आणि वर पंख असलेल्या साध्या विमानावर हात बसवावा.

तोल सर्वांत आधी

विमानासोबतच्या पुस्तिकेत पंखावर तोलाची जागा दाखवलेली असते. बॅटरी बसवून, दोन्ही पंखांखाली त्या जागी बोटे धरून विमान उचलावे. ते सपाट किंवा नाकाकडे किंचित झुकलेले राहिले पाहिजे. नाक जड असेल तर विमान सुस्त उडते. शेपूट जड झाली तर ते बहुधा हाताबाहेरच जाते.

समजा, तोलाच्या जागेपासून ४० सेंटिमीटर मागे, शेपटीवर १० ग्रॅमचा दिवा लावला. तो तोलायला २० सेंटिमीटर पुढे, नाकात २० ग्रॅम वजन घालावे लागेल. म्हणजे हौस १० ग्रॅमची आणि भार ३० ग्रॅमचा. शक्य तेव्हा बॅटरीच थोडी पुढे सरकवावी.

रंग कामाचा हवा

दूर गेलेले विमान आकाशात काळा ठिपका दिसते आणि ते येते आहे की जाते आहे, हेच कळेनासे होते. ते आपल्याकडे तोंड करून येत असले की डावे-उजवेही उलटे होते. म्हणून वरून संत्र्याचा रंग आणि खालून काळे पट्टे, असा ठळक फरक ठेवावा. पाण्यात मिसळणारा रंग पातळ द्यावा. काही स्प्रेमधले द्रावण फोम विरघळवते, आणि झटपट चिकटणारा साधा गोंद थर्माकोल खातो. आधी टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्यावे.

बॅटरी जपा

लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा होतो. त्यापुढे चार्ज करू नये. फुगलेली किंवा विमान पडल्यावर चेपलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, कारण ती उशिरानेही पेट घेऊ शकते. उन्हात बंद गाडीत ठेवू नये, चार्जिंगला लावून झोपू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात वाळलेले धसकट असते, हे विसरू नये.

कुठे उडवावे?

गहू-हरभरा निघाल्यावर मोकळे झालेले शेत उत्तम. शेतमालकाला विचारूनच जावे, सकाळी वारा कमी असताना जावे आणि विमान वाऱ्याच्या तोंडाशी सोडावे. संत्र्याची बाग, विजेच्या तारा, पांढुर्ण्यातून जाणारा नागपूर-इटारसी रेल्वेमार्ग आणि महामार्ग यांपासून दूर राहावे. तारेत अडकलेले विमान काढायला कोणीही काठी लावू नये. गोटमारीच्या दिवशी जाम नदीकाठी, किंवा कुठल्याही जत्रेत, गर्दीवर विमान नेऊ नये. वेगात आलेले एक किलोचे विमान फोमचे असले तरी डोळा घालवू शकते.

ड्रोन नियम, २०२१ नुसार छंदाची अशी विमाने नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते, हे डिजिटल स्कायच्या नकाशावर आधी पाहावे.

ज्यांना हे शिस्तीने शिकायचे आहे, त्यांच्यासाठी एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांचे नमुने बांधणे आणि उडवणे हा प्रशिक्षणाचाच भाग असतो. महाविद्यालय निवडताना मुलांनी ही चौकशी जरूर करावी. तोपर्यंत घरात एक छोटा वजनकाटा आणून ठेवावा, आणि विमानावर काहीही लावण्याआधी ते त्यावर ठेवून पाहावे.