डोंगरावर दुकान थाटायचे? आधी आषाढातले ऊन मोजा

काळाचौकी, लालबाग, कॉटनग्रीन या पट्ट्यातील अनेक कारागीर बंधूंच्या मनात एक विचार घोळत असतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जुने गिऱ्हाईक पांगले, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले. गाळ्याला चांगला भाव येत असेल तर तो सोडून थंड हवेच्या एखाद्या लहान शहरात बस्तान हलवावे, असे वाटणे साहजिक आहे. मात्र गाव पाहायला बहुतेक जण मे महिन्यात जातात आणि तेथेच फसतात. मे महिन्यात सह्याद्रीतले प्रत्येक गाव सारखेच छान दिसते. खरा फरक कळतो तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

वीस किलोमीटरचा फरक

अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. पूर्वेकडे उतरणाऱ्या वाऱ्यात पाणी फारसे उरत नाही. म्हणून कड्यावरच्या महाबळेश्वरात वर्षाला साधारण ६००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर तेथून पूर्वेला जेमतेम वीस किलोमीटरवर असलेल्या पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही कमी. पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की तो आणखी घटतो, हजार मिलिमीटरच्या आत येतो.

इंग्रजांनीही हाच हिशेब केला होता. पावसाळ्यात महाबळेश्वर सोडावे लागे, म्हणून १८६० च्या सुमारास जॉन चेसन यांनी बारमाही राहता येईल असे गाव म्हणून पाचगणी वसवली. पुढे तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही उभे राहिले.

तरीही पाऊस कमी म्हणजे ऊन भरपूर, असे समजू नये. पाचगणीतही आषाढ-श्रावणात धुके दिवसचे दिवस हटत नाही.

दमटपणाची किंमत

कारागिराच्या दृष्टीने ही हवेची गप्पा नसून नफ्या-तोट्याची बाब आहे. चामड्याला बुरशी येते, चिकटवलेला तळ सुकत नाही, लाकडावरचे पॉलिश पांढरे पडते, जरी काळवंडते, खारी-बिस्किटे सादळतात. समजा, चार महिने तुमचा माल सुकलाच नाही. भाडे बारा महिन्यांचे द्यायचे आणि कमाई आठ महिन्यांची. शिवाय पावसाळ्यात सहलीचे गिऱ्हाईकही रोडावते. खर्चाची ही बाजू आधी कागदावर मांडावी.

गिऱ्हाईक कोण?

महाबळेश्वरची कमाई मुख्यतः उन्हाळी सुट्टी, दिवाळी आणि नाताळ यांवर चालते. पाचगणीला दुसरा आधार आहे, निवासी शाळांचा. अंजुमन-ए-इस्लामचीही तेथे शाळा आहे. गणवेश, बूट, गाद्या, पाव, दुरुस्ती ही कामे शाळा सुरू असतानाच निघतात, आणि शाळा पावसाळ्यातही सुरू असतात. शिंपी, चर्मकाम करणारे आणि बेकरीवाले यांनी हे ध्यानात घ्यावे. सातारा हे जिल्ह्याचे ठिकाण. हवा तितकी थंड नाही, पण बाजारपेठ बारमाही आहे.

माथेरानचा मोह धरू नये. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीतून १९०७ साली नेरळची छोटी रेल्वे वर पोहोचली, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पण गावात मालाच्या मोटारींना बंदी आहे आणि नेरळहून वर येणारी गाडी पावसाळ्यात बंद असते. कच्चा माल वर न्यायचा म्हणजे खर्च दुप्पट.

कागदपत्रे

महाबळेश्वर-पाचगणी हा भाग केंद्र सरकारने २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे. नवे बांधकाम आणि कारखाने यांवर तेथे कडक बंधने आहेत. ‘नंतर शेड वाढवू’ या भरवशावर जागा घेऊ नये. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, म्हणून सातबारा आणि बिगरशेती आदेश स्वतः पाहावा. इकडचा गाळा पागडीचा असेल तर मालकाच्या लेखी संमतीशिवाय व्यवहार करू नये. इमारतीचा पुनर्विकास ठरला असेल, तर हक्क सोडण्यापूर्वी वकिलाला कागद दाखवावेत. एकदा सोडलेला हक्क परत मिळत नाही.

आमचा सल्ला

कारखाना उन्हात, दुकान गर्दीत. माल वाई किंवा पाचगणीत तयार करावा आणि हंगामात महाबळेश्वरच्या बाजारात विकावा. जागा बघताना पश्चिमेची भिंत पक्की व बिनखिडकीची आहे का, दार पूर्वेला किंवा दक्षिणेला आहे का, हे पाहावे. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो आणि हिवाळ्यातले ऊन दक्षिणेकडून. डोंगराच्या सावलीतल्या जागेत सूर्य लवकर मावळतो, तेव्हा दुपारी चार वाजता एकदा तेथे उभे राहून यावे.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे बयाणा देण्यापूर्वी जुलैमध्ये आठ दिवस तेथे राहावे. सोबत आपल्याच कामाचा नमुना न्यावा: चामड्याचा तुकडा, पॉलिश केलेली फळी किंवा खारीचे पाकीट. आठव्या दिवशी त्याची जी अवस्था असेल, तीच तुमच्या धंद्याची पावसाळ्यातली अवस्था. तो नमुना पाहूनच गाळ्याचा निर्णय घ्यावा.