थोडं घासा, मग थांबा

बदलापूरजवळच्या वांगणीत रात्री शनीची कडी बघून झाली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: दुर्बीण कुठून घेतली? घेतली नाही, तिचा आरसा हाताने घासलाय, असं म्हटलं की निम्म्यांना खरं वाटत नाही.

काम तसं सोपं. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची चकती पुढे-मागे घासायची, जरा फिरवायची, स्वतः टेबलाभोवती सरकायचं. वरची आपोआप खोलगट होते, तोच आरसा; खालची फुगते. पूड हळूहळू बारीक करत न्यायची. प्रत्येक बदलाआधी टेबल, बादली, नखंसुद्धा धुवायची. जुन्या पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो. शेवटी डांबरासारख्या पिचवर सेरियम ऑक्साइडने पॉलिश.

खरी परीक्षा पुढेच. आरशाच्या आकारात केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी चूकही चालत नाही, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ती दाखवायची युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ फुको यांनी 1858 मध्ये काढली. बारीक छिद्रातून आरशावर उजेड सोडायचा, परतणारा झोत ब्लेडच्या धारेने कापायचा. गुळगुळीत वाटणाऱ्या काचेवर टेकड्या नि खळगे उभे राहतात. अंगठा क्षणभर टेकवा, उबेनेसुद्धा तिथे उंचवटा येतो! म्हणून थोडं घासून आरसा थंड होऊ द्यायचा, तपासायचा, मग पुढचा हात. निम्मा वेळ वाट बघण्यातच जातो. घाईने कडा खाली गेली, की पुन्हा मागच्या पायरीवर.

1781 मध्ये युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल स्वतःचे आरसे स्वतःच घडवत. एकदा सोळा तास हात न उचलता पॉलिश करत बसले, बहीण कॅरोलिन त्यांना घास भरवत होती. मला विचाराल तर थोर तीच.

आरसा पुरा झाला तरी सुटका नाही. लोकलच्या धक्क्यांनी तो हलतोच. माळरानावर पोचलं की एखादा तारा मुद्दाम अस्पष्ट करायचा आणि मागचे तीन स्क्रू जरा-जरा फिरवत त्याची वर्तुळं एकात एक आणायची.

मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आलं आहे. पावसाळा सरला की अमावास्येजवळची तारीख धरा. कर्जत लोकल, बदलापूरच्या पुढचं स्टेशन. स्वेटर आणा, टॉर्चला लाल कागद लावा.