टेम्पोत मावणारी कादंबरी
कादंबरी ते नाटक : भाग ५

दादरच्या शिवाजी मंदिरात रविवारी एकाच रंगमंचावर तीन वेगवेगळी नाटकं लागलेली असतात. सकाळचा प्रयोग आटोपला की त्या नाटकाच्या भिंती, दारं, जिना सगळं सुटं होऊन टेम्पोत चढतं आणि दुपारच्या नाटकाचं घर आत यायला लागतं. मधल्या वेळात रंगमंच कामगारांना श्वास घ्यायला फुरसत नसते. प्रेक्षक तेव्हा खाली बटाटावडा खात असतो, त्याला याचा पत्ताही नसतो.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर असं नाही. तिथं नाटक एका थिएटरात ठाण मांडतं, चाललं तर वर्षानुवर्षं. गावोगाव फिरायचं ठरलं की त्यासाठी वेगळा नटसंच जमवतात, नेपथ्याची प्रवासाला सोयीची आवृत्ती करतात. आपलं व्यावसायिक नाटक जन्मतःच फिरस्तं. गिरगावच्या साहित्य संघातून परळच्या दामोदरला जायचं तरी घर उचलावंच लागायचं. गेल्या भागात आपण कादंबरीतला काळ नाटकात कसा आटतो ते पाहिलं. आज जागेबद्दल. कादंबरी फुकटात बोट, बाजार, कोर्ट, डोंगर असं कुठंही जाऊन येते. नाटककाराला ते सगळं टेम्पोत बसवायचं असतं.

कादंबरी घेऊन गावोगाव फिरण्याचा धंदा अमेरिकेत जुना आहे. हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ १८५२ साली पुस्तकरूपात आली आणि त्याच वर्षी रंगमंचावरही चढली. पुढं कित्येक दशकं ‘टॉम शो’ करणाऱ्या मंडळ्या तंबू घेऊन देशभर हिंडत राहिल्या. गुलामगिरीतून पळालेली एलायझा गोठलेल्या नदीवरून पलीकडे जाते, हा प्रसंग लोकांना इतका आवडला की मंडळ्यांनी तिच्या मागे शिकारी कुत्री सोडली. पुस्तकात त्या प्रसंगात कुत्री नाहीत. तिकीटबारीवर गर्दी खेचायला कुत्री उपयोगी पडली आणि कादंबरीचा राग हळूहळू तमाशात विरला.

अलीकडचं उदाहरण हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’चं. १९६० ची ही कादंबरी ॲरन सॉर्किनने २०१८ मध्ये ब्रॉडवेवर आणली, आणि २०२२ पासून तिचा दौरा अमेरिकेत फिरला. १९६२ च्या चित्रपटात छोट्या स्काउटचं काम केलेल्या मेरी बॅडहॅम त्या दौऱ्यात म्हाताऱ्या मिसेस ड्युबोझच्या भूमिकेत होत्या. सॉर्किनने कादंबरीचं निवेदन टाकून न देता स्काउट, जेम आणि डिल या तीन मुलांत वाटून दिलं, आणि मुलांची कामं मोठ्या नटांना दिली. खटलाही शेवटापर्यंत राखून न ठेवता सुरुवातीपासून पेरला. एका वाक्यात कोर्ट, दुसऱ्यात घराचा ओटा. बोलणारं माणूस सांगेल ती जागा, त्यामुळे भिंतींचं ओझं कमी होतं. ॲटिकस या वकिलाच्या स्वभावात केलेल्या बदलावरून मात्र लेखिकेच्या वारसांनी दावा ठोकला होता. तो पुढे आपसांत मिटला.

जयवंत दळवींनी दुसरी वाट धरली. ‘अंधाराच्या पारंब्या’ या स्वतःच्याच कादंबरीवरून त्यांनी ‘बॅरिस्टर’ लिहिलं. १९७७ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने ते विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली आणलं. दळवी बरीच वर्षं मुंबईतल्या अमेरिकन माहिती खात्यात, ‘युसिस’मध्ये, नोकरीला होते, म्हणजे अमेरिकन पुस्तकं त्यांच्या रोजच्या हाताखालची. पण नाटकात त्यांनी निवेदक ठेवला नाही. विलायतेहून परतलेला बॅरिस्टर, केशवपन झालेली मावशी, भाडेकरू म्हणून आलेलं तरुण जोडपं आणि घराण्यात पिढीजात असलेलं वेड, हे सारं एका वाड्यात कोंडलं. बाहेरचं जग बातमी म्हणून आत येतं. त्या जोडप्यातली तरुण राधाक्का विधवा होते तेव्हा तिच्या केसांचं काय होणार, हा प्रश्न त्या वाड्याबाहेर जातच नाही.

ही निव्वळ काटकसर होती असं मला वाटत नाही. वेड आनुवंशिक असेल तर त्यातून सुटायला घर सोडावं लागतं, आणि हे माणूस घर सोडू शकत नाही. एकच सेट असणं हीच इथं गोष्ट आहे. विक्रम गोखल्यांचा बॅरिस्टर दोन-अडीच तास त्याच भिंतींमध्ये फिरत राहायचा. प्रेक्षकालाही त्याच्याइतकाच वेळ तिथंच बसावं लागायचं, ही सोय कादंबरीत नाही. वाचक कंटाळला, घाबरला तर पुस्तक मिटून चहा करायला उठतो.

दळवींच्याच ‘महानंदा’वरून शं. ना. नवरे यांनी ‘गुंतता हृदय हे’ लिहिलं. दोन्ही वेळा नाव बदललं, हे लक्षात घ्या. अमेरिकेत दौरा खपतो तो पुस्तकाच्या नावावर, शाळेत वाचलेली कादंबरी बघायला लोक मुलाबाळांना घेऊन येतात, त्यामुळे तिथं नाव हलवायची कुणाची छाती नसते. आपल्याकडच्या जाहिरातीत नट, लेखक, दिग्दर्शक मोठ्या टायपात. कादंबरी कुठेतरी बारीक अक्षरात, नसली तरी चालतं. मला यात नाटककाराचा फायदाच दिसतो. पुस्तकाशी इमान राखलं की नाही याचा हिशेब मागायला कुणी येत नाही. तोटा वाचकांचा. ‘बॅरिस्टर’ पाहिलेल्या कितीतरी जणांनी ‘अंधाराच्या पारंब्या’ हातातही घेतली नसेल.

१९८५ मध्ये विजया मेहतांनीच याच नाटकावर ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. अनुपम खेर बॅरिस्टर झाले, तन्वी आझमी राधिका. मावशी स्वतः मेहतांनी केली आणि त्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅमेऱ्याला टेम्पोचं बंधन नव्हतं, वाड्याबाहेर हवं तिथं जाता येत होतं. नाटक आणि चित्रपट दोन्ही पाहिलेल्यांना विचारून बघा, घुसमट कुठं जास्त वाटली. उत्तरं वेगवेगळी येतील. माझं मत नाटकाकडे झुकतं.

आता असे प्रयोग लावायच्या जागाही कमी होत चालल्या आहेत. सोशल सर्व्हिस लीगचा परळचा दामोदर हॉल, जिथं गिरणगावच्या कामगार रंगभूमीने आपली नाटकं वर्षानुवर्षं केली, तो २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाला. पुढच्या भागात श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ घेऊ. बेस्टमध्ये नोकरी करणाऱ्या या लेखकाने दापोलीकडचं अख्खं गाव कादंबरीत उभं केलं होतं, आणि ते रंगमंचावर आणायचं म्हणजे एका वाड्याने भागणार नव्हतं.